जुन्या गाडीत पेट्रोलचा वास येतोय, आधी काय बघू?

वास कधी येतो त्यावरून निम्मं कळतं बघा. टाकी फुल्ल केल्यावरच येत असेल तर झाकणाचं रबर, नाहीतर टाकीच्या तोंडापासून खाली जाणारा जाड पाइप. बॉनेटकडून येत असेल तर आधी पेट्रोलचे रबरी पाइप तपासा, पण इंजिन थंड असताना.

आमची १९९६ची कार्बोरेटरवाली (म्हणजे इंजिनसाठी पेट्रोल नि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) गाडी. खानापूरहून बेळगावात येईपर्यंत डोकं उठायचं. पाइप वरून अगदी धड दिसत होता. क्लिपजवळ जरा वाकवला तर बारीक चिरा उघडल्या नि बोट ओलं झालं. हातभर पाइप आणि दोन क्लिपा, एवढंच काम. हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यानं लवकर जातं. म्हणून नवा पाइप इथेनॉलला टिकणाराच मागा, दुकानदार देईल तो नको.

कार्बोरेटर बाहेरून ओला आणि सायलेन्सरातून काळा धूर? मग फ्लोटची सुई, म्हणजे कार्बोरेटर भरला की आत येणारं पेट्रोल थांबवणारी सुई, अडकली असणार.

थेंब पडताना दिसला तर स्टार्टर मारूच नका. गाडी ढकलून उघड्यावर काढा, मेकॅनिकला घरी बोलवा. आणि वास घालवायला डॅशबोर्डवर उदबत्ती लावत असाल तर ती आजच बंद करा ओ!