एआरटी चालू असताना सेप्ट्रान आणि टीबीची गोळी कशाला?

तुमच्या मामांना एचआयव्ही आहे. त्यांचा सीडी४ (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची मोजणी) ८२ आला, एआरटी (एचआयव्हीला दाबणारी औषधं) सुरू झाली, सोबत कोट्रायमोक्साझोल (लोक सेप्ट्रान म्हणतात ती, इतर जंतुसंसर्ग टाळणारी गोळी) आणि आयसोनियाझिड (टीबी होऊ नये म्हणूनची गोळी) दिली. इतक्या गोळ्या खरंच लागतात का, असं तुम्ही विचारलंय. लागतात. सुरुवातीचे महिने तर त्यांच्याच जोरावर काढायचे असतात.

एआरटीने विषाणू लवकर दबतो, पण सीडी४ सावकाश चढतो. ८२ वरून २०० च्या वर जायला कित्येकदा वर्ष लागतं. मृत्यू जास्त होतात ते पहिल्या काही महिन्यांतच, आणि तेही न्यूमोनिया, टीबी, मेंदूतला टॉक्सोप्लाझ्मा (एक परजीवी) किंवा क्रिप्टोकोकस (मेंदूपर्यंत पोचणारी बुरशी) यांनी. युगांडा आणि झिंबाब्वेतल्या डार्ट अभ्यासात, २०० च्या खाली सीडी४ असलेल्यांमध्ये, एआरटीबरोबर कोट्रायमोक्साझोल घेणाऱ्यांत पहिल्या १२ आठवड्यांतले मृत्यू निम्म्याहून कमी दिसले. ७२ आठवड्यांनंतर मात्र तो फरक उरला नाही. म्हणजे ही गोळी खरी कामाची आहे ती आत्ता.

मोठ्यांसाठी कोट्रायमोक्साझोलचा डोस रोज एक डबल स्ट्रेंग्थ गोळी, ८००/१६० मिलिग्रॅमची. हे सल्फा गटातलं औषध आहे, त्यामुळे सल्फाची ॲलर्जी पूर्वी कधी आली असेल तर आधीच सांगा. पुरळ साधारण दुसऱ्या आठवड्यात उठतं. नुसती खाज असेल तर डॉक्टरांना दाखवा. पण ताप, तोंडात फोड, डोळे लाल किंवा कातडी सोलणं यांपैकी काही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. एआरटीत झिडोव्हुडिन असेल तर हिमोग्लोबिनवर लक्ष हवं, कारण दोन्हींनी रक्त कमी होऊ शकतं.

आयसोनियाझिड ३०० मिलिग्रॅम रोज, ६ महिने. आबिजानच्या (पश्चिम आफ्रिकेतला आयव्हरी कोस्ट) टेम्प्रानो चाचणीत २,०५६ जण होते. तिथे एवढ्या कोर्सने पुढच्या काही वर्षांतले मृत्यू ३७ टक्क्यांनी घटले, एआरटी आधी सुरू झालेली असो वा उशिरा. पण खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम यांपैकी एकही लक्षण असेल तर आधी टीबीची तपासणी. अंगात टीबी चालू असताना एकटी आयसोनियाझिड दिली तर जंतू तिला दाद देईनासे होतात. घाईत नेमकं हेच विचारायचं राहून जातं, म्हणून तुम्ही स्वतःहून सांगा. पायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून सोबत पायरिडॉक्सिन (बी६) असतं, ते सोडू नका. दारू पूर्ण बंद. डोळे पिवळे दिसले, उलट्या झाल्या, लघवी गडद झाली तर गोळी थांबवून लगेच दाखवा.

सीडी४ १०० च्या खाली आहे, तेव्हा क्रिप्टोकोकल अँटिजेनची (रक्तात त्या बुरशीचा अंश शोधणारी) रक्ततपासणी झाली का, हे एआरटी सेंटरमध्ये जरूर विचारा. ती पॉझिटिव्ह आली तर डोकं दुखायला लागण्याआधीच फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू करता येतं.

सेप्ट्रान आपल्या मनाने बंद करू नका. मामांना बरं वाटतंय, वजन वाढलंय, एवढ्यावर ती थांबत नाही. एआरटीवर असताना सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा सीडी४ ३५० च्या वर आला आणि तब्येत ठीक असली, की डॉक्टरच ती बंद करतात.