अंगावर खूण नाही, मग इंजेक्शन कशाला?

प्रश्न : डॉक्टर, मी सध्या शिकागोजवळ मुलीकडे आले आहे. परवा सकाळी पाच वर्षांच्या नातवाच्या खोलीत पडद्याला वटवाघूळ लटकलेलं दिसलं. जावयांनी टॉवेलात धरून बाहेर सोडून दिलं. नातवाला मी आंघोळ घालताना नीट पाहिलं, साधा ओरखडा नाही. इथले डॉक्टर रेबीजची लस घ्या म्हणतात. एवढ्याशा पोराला पोटात चौदा इंजेक्शनं? आमच्या सांगलीकडे पिंपळावर शेकडो वटवाघळं असतात, कुणाला काही झालं नाही. – एक आजी

उत्तर : आजी, हा प्रश्न छापील उत्तराची वाट बघण्यातला नव्हता. म्हणून ‘आजच लस सुरू करा’ एवढं त्याच संध्याकाळी मेलवर कळवलं होतं. आता कारणं सांगते.

पोटातली चौदा इंजेक्शनं तालुक्याच्या दवाखान्यात मी जन्मभर ऐकली. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती, आपल्याकडेही ती केव्हाच बंद झाली. आता दंडात किंवा मांडीत चार डोस : पहिल्या दिवशी, मग त्यानंतरच्या तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी. पहिल्या डोसाबरोबर वजनाच्या हिशेबाने इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजच्या विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं. ते थोडं दुखतं. पोरगं रडेल, रडू द्या.

पिंपळाचं म्हणाल तर आपल्याकडे रेबीज येतो तो जवळजवळ नेहमी कुत्र्याकडून. अमेरिकेत कुत्र्याकडून कुत्र्याला होणारा रेबीज लसीकरणाने संपला, आणि तिथे माणसं रेबीजने दगावतात ती मुख्यतः वटवाघळांमुळे. घरात शिरणारं हे वटवाघूळ मुठीत मावेल एवढं, दात सुईच्या टोकासारखे. झोपेत चावलं तर जागही येत नाही, खूणही उरत नाही. २०२४ साली कॅनडातल्या ऑन्टारिओत मुलाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं, चावल्याची खूण दिसली नाही म्हणून उपचार झाले नाहीत, आणि ते मूल गेलं. तुमचं शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्येच २०२१ साली ऐंशी उलटलेले एक गृहस्थ जागे झाले तेव्हा वटवाघूळ मानेशी होतं. तपासणीत त्याला रेबीज निघाला, तरी त्यांनी लस नाकारली. महिन्याभराने मान दुखू लागली, बोटं बधिर झाली. लक्षणं दिसू लागल्यावर आम्हा डॉक्टरांच्या हाती फारसं काही उरत नाही.

बहुतेक वटवाघळं निरोगी असतात, हे खरं. पण तुमचं कसं होतं ते आता कळायचा मार्ग नाही, जावईबापूंनी दयाळूपणे सोडून दिलं ना! त्याच्यावर डबा उपडा घालून खालून पुठ्ठा सरकवायचा, झाकण चिकटपट्टीने बंद करायचं आणि आरोग्य खात्याला फोन लावायचा. चपलेने ठेचायचं तर मुळीच नाही. तपासणी मेंदूची होते, डोकं शाबूत लागतं. अहवाल ‘रेबीज नाही’ असा आला असता तर एकही इंजेक्शन लागलं नसतं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. त्या रात्री नातवाजवळ कोण झोपलं होतं? तुम्हीच असाल, तर लस तुम्हालाही घ्यायची आहे. जावयांचा उघडा हात त्या वटवाघळाला लागला होता का, तेही विचारा.