टॅरिफ, सोलर आणि कोटावरचं घड्याळ : तुमचे प्रश्न

मागच्या वेळी अमेरिकेतल्या थॉमस मॅसींचं नाव सहज घेतलं आणि प्रश्नांचा पाऊस पडला. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी : रिपब्लिकन पक्षाचे, केंटकी राज्यातून निवडून आलेले, एमआयटीचे इंजिनिअर, पक्के कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे सरकारने टॅक्स आणि खर्च कमीच ठेवावा असं मानणारे.

सर, टॅक्स कमी करणाऱ्या बिलाला कॉन्झर्व्हेटिव्ह माणूसच विरोध कसा काय करतो? (विद्यार्थी, जुळे सोलापूर)

बरोबर पकडलंस. ट्रम्प यांचं 'वन बिग ब्युटिफुल बिल', ४ जुलै २०२५ ला सही झालं, आदल्या दिवशी हाउसमध्ये (तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात) २१८ विरुद्ध २१४ असं मतदान, आणि रिपब्लिकनांपैकी विरोधात गेले फक्त दोघं, त्यात एक मॅसी. टॅक्स कमी करायला त्यांची ना नाहीये, पण टॅक्स आज कमी करायचा, खर्चाला कात्री पुढच्या कधीतरी लावायची आणि मधलं सगळं कर्जावर भागवायचं हे त्यांना पटत नाही. तिथल्या संसदेच्या बजेट ऑफिसचाच हिशोब होता की या बिलामुळे १० वर्षांत तूट साधारण ३.४ लाख कोटी डॉलरने वाढेल. हा माणूस कोटावर एक छोटं डिजिटल घड्याळ लावून फिरतो, त्यात वेळ नाही तर देशाचं कर्ज पळताना दिसतं! आपल्याकडेही कुणीतरी लावायला हरकत नाही, २०२५-२६ च्या केंद्राच्या बजेटमध्ये ५०.६५ लाख कोटी खर्चापैकी १२.७६ लाख कोटी नुसतं व्याज होतं, म्हणजे रुपयातले चार आणे व्याजातच गेले. त्यामुळे या मुद्द्यावर मी मॅसींच्या बाजूने.

असल्या खासदारांचा आपल्याला काय उपयोग ओ? टॅरिफने कंबरडं मोडलं की आमचं. (टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

थेट उपयोग नाही, खरंय. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेत आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क लागलं, नंतर आकडे बदलत राहिले, पण तेव्हा बसलेला फटका काही कुणी भरून दिला नाही. एक लक्षात घ्या शेठ, टॅरिफ कस्टम्सला भरतो तिथला इम्पोर्टर, मग तो फोन करून तुमचा रेट पाडून मागतो आणि उरलेलं तिथल्या गिऱ्हाइकावर टाकतो. केंटकीचेच सिनेटर रँड पॉल म्हणूनच बोंबलतायत की टॅरिफ म्हणजे आपल्याच लोकांवरचा टॅक्स आहे आणि टॅक्स लावायचा अधिकार घटनेने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिलाय, राष्ट्राध्यक्षाला नाही. तुमच्या हातात काय आहे तर ऑर्डर एफओबीवर (माल जहाजावर चढवला की तुमची जबाबदारी संपली) आहे का डीडीपीवर (ड्युटी भरून गिऱ्हाइकाच्या दारात पोचवायचा) ते सही करायच्या आधी बघा. डीडीपी असेल तर ड्युटी सरळ तुमच्या गळ्यात, आणि एफओबीवर असताना डिस्काउंट दिलाच तर तो त्या एका शिपमेंटपुरताच असं लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी तोच तुमचा रेट होऊन बसतो.

मॅसींनी स्वतः सोलरवर राहायचं आणि क्लायमेट पॉलिसीला विरोध करायचा, हा दुटप्पीपणा नाही का? (निवृत्त शिक्षिका, होटगी रोड)

बाई, मला तसं वाटत नाही. त्यांचं घर ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलंच नाही, सोलर पॅनेल आणि अपघातग्रस्त टेस्लातून काढलेली बॅटरी, त्यावर सगळं चालतं, आणि त्यांच्या टेस्लाला नंबरप्लेट कुठली, तर 'फ्रेंड्स ऑफ कोल', म्हणजे कोळशाचे मित्र! म्हणजे तुम्हाला हवं ते वापरा पण शेजाऱ्याच्या टॅक्समधून नको, एवढी सरळ भूमिका आहे. माझं भांडण वेगळ्या ठिकाणी आहे. २०१९ मध्ये अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जॉन केरी हवामान बदलावर संसदेच्या समितीपुढे साक्षीला आले तेव्हा मॅसींनी त्यांच्या पॉलिटिकल सायन्सच्या डिग्रीची खिल्ली उडवली, आणि पूर्वी हवेत कार्बन याहून जास्त होता असा मुद्दा काढला. होता, पण तेव्हा माणूस नव्हता ना पृथ्वीवर. शिवाय इंजिनिअर माणसाने धुराचा खर्च हिशोबात धरायला नको का? आपल्या फताटेवाडीजवळ एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा कोळशाचा प्लांट आहे, त्याच्या विजेच्या दरात कोळसा येतो, मजुरी येते, पण वाढत्या उन्हाळ्याचा खर्च येत नाही, तो आपण कूलर, टँकर आणि दवाखान्यात वेगळा भरतो. एकाचा खर्च दुसऱ्यावर ढकलू नका हेच तर कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांचं आवडतं वाक्य, मग ते इथेच का विसरायचं?

मुलगा टेक्सासला असतो, घरावर सोलर बसवलंय. त्यावरचं टॅक्स क्रेडिट (टॅक्समधली सूट) गेलं म्हणतोय. (वाचक, सात रस्ता)

गेलं, ट्रम्प यांच्या त्याच बिलाने. घरच्या सोलरवरचं ३० टक्के क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ ला संपलं, इलेक्ट्रिक गाडीचं तर ३० सप्टेंबरलाच. त्याचं काम २०२५ संपायच्या आत पूर्ण झालं असेल तर २०२५ च्या रिटर्नमध्ये फॉर्म ५६९५ भरून मिळतं. नुसता ॲडव्हान्स दिला होता म्हणाला तर नाही मिळत.

मग आपण ३ किलोवॅट बसवावं का? (वाचक, विजापूर रोड)

बसवा की. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे, पण ती ग्रिडला जोडलेल्या सिस्टिमलाच, त्यामुळे मॅसींसारखं बॅटरीच्या नादी लागू नका, नेट मीटर (ग्रिडला दिलेली वीज तुमच्या वापरातून वजा करणारं) लावून घ्या. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनेलवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय, तेव्हा कोटेशन हातात आलं की आधी तो आकडा बघा, अजून १२ दिसला तर तिथल्या तिथे विचारा.