दाव्यांपासून वाचायला लागा : पेटंटविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत बोर्ड तपासणारे, ड्रिलिंगचा चिखल तयार करणारे आणि दाराची कुलपं-कड्या बनवणारे असे तीन वेगळे धंदे आहेत. अडखळण्याची जागा मात्र एकच. पेटंटची आकृती आणि सारांश वाचून मंडळी थांबतात. हक्क असतो तो क्रमांक घालून लिहिलेल्या दाव्यांत, आणि ते बहुतेक वेळा वाचायचे राहून जातात.

प्रश्न : सर्किट बोर्ड तपासायला मी स्प्रिंगच्या पिनांचं फिक्स्चर (बोर्ड धरून तपासायचा साचा) केलं आहे. पिना, रिले, मीटर, सगळं बाजारात मिळणारं. सहकारी म्हणतात, यात नवीन काय? पेटंट मिळू शकेल का?

सुटे भाग जुने असले म्हणून जुळणी जुनी ठरत नाही. विल्यम ह्यूलेट यांनी 1939 मध्ये ज्या ऑसिलेटरसाठी (ठरावीक वारंवारतेचा विद्युत तरंग तयार करणारं उपकरण) अर्ज केला आणि ज्याचं पेटंट त्यांना 1942 मध्ये मिळालं, तो आठवा. त्यातला वीन ब्रिज, म्हणजे रोध आणि कपॅसिटर यांची चार बाजूंची जोडणी, 1891 पासून माहीत होता. दिव्याचा तंतू वापरून आंदोलन स्थिर ठेवायची युक्ती बेल प्रयोगशाळेतल्या मीचम यांनी 1938 मध्ये मांडली होती. ह्यूलेट यांनी छोटा दिवा वीन ब्रिजच्या एका बाजूत बसवला. आउटपुट वाढलं की तंतूतून जास्त प्रवाह जातो, तंतू तापतो, त्याचा रोध वाढतो आणि गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) आपोआप खाली येतो. आउटपुट घटलं की उलटं. त्यामुळे वारंवारता मोठ्या पट्ट्यात फिरवली तरी तरंग स्वच्छ राहिला. एका साध्या दिव्याने एवढं काम केलेलं पाहून मला आजही आनंद होतो.

तुमच्या फिक्स्चरकडे असंच बघा : कोणती अडचण होती आणि कोणत्या जोडणीने ती गेली? प्रवाह एका पिनेतून द्यायचा आणि व्होल्टेज दुसरीने मोजायचं, एवढंच असेल तर ती केल्विनची चार तारांची पद्धत झाली, ती फार जुनी आहे. पण पिनेच्या टोकावर फ्लक्स (सोल्डर करताना लावलेला चिकट पदार्थ) साचतो, संपर्काचा रोध वाढतो आणि चांगला बोर्ड नापास होतो, हे तुम्हाला रोज दिसत असेल. मळलेली पिन आणि बिघडलेला बोर्ड यांतला फरक तुमचं फिक्स्चर स्वतः ओळखत असेल, तर दावा तिथून लिहायला घ्या. आधी पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या जी 01 आर 31 या वर्गात शोध घ्या. विद्युत चाचणीची पेटंटं तिथे सापडतात आणि एस्पासनेट या युरोपीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ती फुकट वाचता येतात. अर्ज दाखल होईपर्यंत फिक्स्चर प्रदर्शनात मांडू नका, त्याचा व्हिडिओही टाकू नका. काही देश त्यानंतरही थोडी सवलत देतात, पण अनेक देशांत हक्क तिथेच संपतो.

प्रश्न : ड्रिलिंग मडच्या (तेलविहीर खोदताना भोकात सोडायचा चिखल) एका पेटंटात एक घटक ‘वजनाने 2 ते 6 टक्के’ दिला आहे. आम्ही 7 टक्के घालतो. म्हणजे आम्ही मोकळे?

एवढ्यावर हो म्हणता येणार नाही. तो आकडा कोणत्या दाव्यात आहे ते बघा. पुष्कळदा पहिल्या दाव्यात आकडाच नसतो, तो दुसऱ्या-तिसऱ्या दाव्यात येतो. तसं असेल तर तुमचे 7 टक्के पहिल्या दाव्यात अडकतात. आकडा पहिल्याच दाव्यात असला तरी काही देशांची न्यायालयं ‘तेच काम, त्याच रीतीने, तोच परिणाम’ असं पाहून जवळचा आकडाही आत धरतात.

दुसरी जागा शब्दांची. ‘यांचा समावेश असलेलं मिश्रण’ असं लिहिलं असेल, तर तुम्ही वर आणखी एक घटक घातल्याने सुटका होत नाही. ‘फक्त यांचंच बनलेलं’ असं असेल तर बहुधा होते. मिश्रणांच्या पेटंटात मी हे दोन शब्दप्रयोग आधी शोधतो.

आणि आकड्यामागचं काम समजून घ्या. बेंटोनाइट या मातीचा चिखल पंप चालू असताना वाहतो आणि पंप थांबला की जेलीसारखा धरून बसतो. तो धरला नाही तर दगडाचा चुरा खाली बसून बिट (खोदणारं टोक) अडकवतो. वजनासाठी बॅराइट हे खनिज घालतात. ते पाण्याच्या सुमारे 4.2 पट जड असतं, म्हणून खालच्या वायूचा आणि तेलाचा दाब रोखून धरतं. जड खनिजांनी चिखलाचं वजन वाढवायचं पेटंट स्ट्राउड यांना 1926 मध्ये मिळालं. ते कधीच संपलं, त्यामुळे ती कल्पना आज सगळ्यांची आहे. 7 टक्क्यांनी तुमच्या चिखलात खरोखर वेगळं काही घडत असेल, तर मोजमापांची वही तारखेसह जपा. मार्श फनेल या चिखलाचा पातळपणा मोजायच्या नरसाळ्यातून ठरलेलं माप साधं पाणी 26 सेकंदांत उतरतं. तुमच्या चिखलाला किती सेकंद लागतात, ते प्रत्येक टक्केवारीला लिहा. मग पेटंट वकिलाला भेटा.

प्रश्न : पेटंट घ्यावं की कृती गुपित ठेवावी?

वस्तू उघडून कळत असेल तर पेटंट घ्या. डोअर क्लोजर स्क्रू काढला की सगळं सांगून टाकतो. भट्टीतलं तापमान, दाब, घालण्याचा क्रम मात्र तयार मालात दिसत नाही, ते गुपित राहू शकतं. पण गुपिताला पहिलेपणाचा मान मिळत नाही. स्वीडनच्या आसिया कंपनीने फेब्रुवारी 1953 मध्ये कृत्रिम हिरे बनवले आणि ते जाहीर केले नाहीत. जनरल इलेक्ट्रिकमध्ये ट्रेसी हॉल यांना डिसेंबर 1954 मध्ये यश आलं, कंपनीने 1955 मध्ये ते जाहीर केलं, आणि जगाने नाव त्यांचं घेतलं. पुढे टंगस्टन कार्बाइडवर अशा हिऱ्याचा थर बसवलेले कटर ड्रिल बिटांत आले.

प्रश्न : मुदत किती?

अर्जाच्या तारखेपासून साधारण 20 वर्षं. मंजुरीच्या तारखेपासून नव्हे. नूतनीकरणाचं शुल्क थकलं तर आधीच संपतं, आणि ज्या देशात घेतलं तिथेच चालतं.

प्रश्न : पिनांची कुलपं तर सगळेच बनवतात. मग त्यांवर नवी पेटंटं कशी मिळतात?

लायनस येल यांची पेटंटं 1861 आणि 1865 ची. त्याआधी हजारो वर्षं इजिप्तमध्ये लाकडी पिनांची कुलपं होती. मूळ रचना म्हणूनच खुली आहे. नवा दावा सहसा किल्लीत असतो : खाचेचा वेगळा आकार, किंवा किल्लीत बसवलेला हलता भाग आणि तो तपासणारी कुलपातली जादा पिन. पेटंट चालू आहे तोवर दुसरा कोणी तशी कोरी किल्ली बनवू शकत नाही, म्हणून नकलेला आळा बसतो. मुदत संपली की कोऱ्या किल्ल्या बाजारात येतात. नियंत्रित किल्लीचं कुलूप मोठ्या इमारतीसाठी घेत असाल, तर पेटंट कधी संपतं ते विक्रेत्याला लेखी विचारा. उरलेली चार वर्षं आणि उरलेली चौदा वर्षं यांची किंमत सारखी नाही.

प्रश्न : ‘पेटंट मिळालेलं’ असं खोक्यावर लिहिलेलं हार्डवेअर जास्त सुरक्षित असतं का?

नाही. परीक्षक पाहतो ते हे की कल्पना नवी आहे का, सहज सुचण्यासारखी नाही ना, आणि उपयोगात आणता येते का. ती शंभर माणसांच्या धक्क्यात टिकेल का, हे तो तपासत नाही.

शिकागोच्या इरोक्वा नाट्यगृहात 30 डिसेंबर 1903 ला आग लागली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. काही दारांच्या कड्या कशा उघडायच्या हे आतल्या लोकांना कळलं नाही. हार्डवेअरच्या धंद्यातले कार्ल प्रिन्झलर त्या खेळाला जाणार होते, कामामुळे राहिले. पुढे वास्तुरचनाकार हेन्री ड्यूपाँ यांच्यासोबत त्यांनी पॅनिक बार विकसित केला आणि 1908 मध्ये तो बाजारात आला. आडव्या दांड्यावर अंगाचा भार पडला की लॅच (दार अडवणारी जीभ) मागे सरते, हात शोधावा लागत नाही. आज अशा बारला किती जोर लागतो, किती वेळा उघडझाप केल्यावरही तो चालतो, हे वेगळ्या मानकांनी तपासलं जातं. युरोपात ते इएन 1125. खोक्यावर पेटंटचा क्रमांक असला तरी त्या चाचणीचं प्रमाणपत्र मागा, आणि बसवल्यावर दोन्ही हातांत सामान घेऊन, दांड्यावर फक्त कंबर टेकवून दार उघडून बघा.