घरी मराठी बोलतो म्हणून मुलगा ईएसएलमध्ये?

प्रश्न: ताई, आम्ही टेक्सासमध्ये असतो, मुलगा दुसरीत आहे. ॲडमिशनच्या फॉर्ममध्ये घरची भाषा मराठी असं कौतुकाने लिहिलं आणि आता त्याला रोज सायन्सच्या तासाला उठवून ईएसएलला, म्हणजे इंग्लिश कच्चं असलेल्या मुलांच्या वर्गाला नेतात. इंग्लिश तर तो फाडफाड बोलतो! टीचरना पिकअपच्या वेळी दोनदा सांगितलं, बघते म्हणाल्या, पुढे काहीच नाही. नवरा म्हणतो सरळ स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जाऊ. जावं का?

उत्तर: इतक्यात नको. तिथे बोलायला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि विषय अजेंड्यावर नसेल तर टेक्सासच्या कायद्याने मेंबर्सना त्यावर चर्चाच करता येत नाही, म्हणजे तुम्ही सुट्टी काढून जाणार, बोलणार आणि ते थँक यू म्हणून पुढचं नाव पुकारणार.

पिकअपच्या रांगेत, मागे गाड्या हॉर्न देतायत, अशा वेळी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहतं हो? ईमेल करा. टीचरना, आणि प्रिन्सिपलना सीसी. मजकूर छोटाच ठेवा: ज्यावरून ईएसएलला घातलं ती इंग्लिशची टेस्ट कधी झाली, मार्क किती, सायन्सचा तास बुडतोय तर वेळ बदलता येईल का, आणि अमुक तारखेपर्यंत कळवा. बाकी रागबिग सगळा घरी. मुलाचे रेकॉर्ड बघायचा हक्क तुम्हाला 1974 च्या फर्पा कायद्याने आहे, लेखी मागितलेत की शाळेला जास्तीत जास्त 45 दिवसांत दाखवावेच लागतात.

मार्क मात्र नीट बघा. गप्पा मारता येणं वेगळं आणि वाचन-लेखन वेगळं, काही वेळा टेस्टचं बरोबर असतं (आपल्याला पटत नाही ते सोडा). तरीही नको असेल तर ईएसएल नाकारायचा हक्क आईवडिलांना आहे, ते लेखी द्यावं लागतं. पण नाकारलं तरी दरवर्षीची टेलपास ही इंग्लिशची टेस्ट सुटत नाही, तो इंग्लिश शिकणाऱ्या मुलांच्या यादीतून बाहेर पडेपर्यंत द्यावीच लागते.

प्रिन्सिपलही दाद देत नसतील तर स्कूल डिस्ट्रिक्टच्या (तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) साइटवरून ग्रीव्हन्स फॉर्म काढा. त्याची मुदत आधी बघून ठेवा, ती उलटली तर तक्रार त्याच कारणावरून फेटाळतात. आधी शाळा, मग डिस्ट्रिक्ट ऑफिस, शेवटी बोर्ड, अशा पायऱ्या असतात. त्या पायरीला बोर्डाला तुमची केस ऐकावी लागते, तेव्हा नवऱ्याला खुशाल पुढे करा.

आणि फॉर्मवरचं मराठी खोडून इंग्लिश लिहायला जाऊ नका, टेस्ट होऊन गेल्यावर त्याचा काही उपयोग नाही.