आतलं पाणी संथ, मग ओढ कुठली?

प्रश्न : आम्ही पर्थला राहतो. सुट्टीत एक्समथजवळच्या टरक्वॉइज बे या समुद्रकिनाऱ्यावर जायचं आहे. तिथे जीवरक्षक नसतात असं कळलं. पण निंगालूची प्रवाळभिंत लाटा अडवते, म्हणजे आतलं पाणी तळ्यासारखंच ना? मुलं ८ आणि ११ वर्षांची आहेत, दोघांनाही तरणतलावात चांगलं पोहता येतं.

उत्तर : तळं नव्हे. भिंत लाटेचा जोर मोडते, पाणी अडवत नाही. तिच्यावर फुटलेल्या लाटांचं पाणी आत येतच राहतं, किनाऱ्याच्या कडेने वाहतं आणि भिंतीतल्या खिंडीतून बाहेर पडतं. बाहेरचा समुद्र जितका खवळलेला, तितकी आतल्या पाण्याची ओढ, म्हणजे प्रवाहाचा जोर, जास्त. वरून मात्र पाणी निवांत दिसतं, आणि माणसं फसतात ती इथेच.

किनाऱ्यावरून पाण्यात शिरलेल्या वाळूच्या टोकाच्या दोन बाजू अगदी वेगळ्या आहेत. दक्षिणेकडे ‘ड्रिफ्ट’ : किनाऱ्याने साधारण ३०० मीटर दक्षिणेला चालायचं, ४० मीटर आत पोहायचं आणि ओढीबरोबर उत्तरेकडे सरकत प्रवाळ पाहायचे. टोकाच्या आधी बाहेर आलंच पाहिजे. पुढे पाणी खिंडीकडे वळतं. मासे बघताना भान राहत नाही, म्हणून दर मिनिटाला डोकं वर काढून टोक कुठे आहे ते पाहा. एकाने वाळूवरून तुमच्याबरोबर चालत राहावं.

‘ओढीत सापडल्यास किनाऱ्याला समांतर पोहा’ हा नेहमीचा सल्ला इथे उपयोगाचा नाही, कारण इथली ओढच समांतर आहे. सरळ वाळूकडे पोहा. टोक चुकलंच, तर ओढीविरुद्ध झुंजू नका, दम लवकर संपतो. तरंगत राहा आणि एक हात उंच करा.

मुलांना ड्रिफ्टला नेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. तरणतलावात पाणी माणसाला वाहून नेत नाही. टोकाच्या उत्तरेकडची खाडी त्यांच्यासाठी बरी, तीही कमरेइतक्या पाण्यात, मोठं माणूस हाताच्या अंतरावर असताना. हवेची गादी आणूच नका : सकाळचा पूर्वेचा वारा ती थेट समुद्राकडे ढकलतो.

मोठ्यांनी आधी छातीभर पाण्यात मिनिटभर नुसतं तरंगून पाहावं. किनाऱ्यावरची खूण झपाट्याने मागे सरकली, तर ड्रिफ्ट त्या दिवशी सोडा. फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंख) हव्यातच. त्या दिवशीची परिस्थिती वाटेवरच्या मिलयरिंग पर्यटक केंद्रात विचारा. आपत्कालीन क्रमांक ००० आहे, पण किनाऱ्यावर फोनला रेंज असेल असं धरून चालू नका.