सोल शाबूत आहे, तरी बूट संपलेत का?

प्रश्न : धावण्याचे महागडे बूट नऊ महिन्यांपूर्वी घेतले. आठवड्याला साधारण २० किलोमीटर धावतो. सोलची नक्षी अजून स्पष्ट दिसते, पण गेला महिनाभर धावल्यावर नडगी दुखते. सेलमध्ये दोन जोड घेतल्यास चांगली सवलत आहे. घेऊन टाकू, की वर्ष पूर्ण होऊ देऊ?

उत्तर : नऊ महिने म्हणजे जवळपास ३९ आठवडे, म्हणजे ७८० किलोमीटर. धावण्याच्या बुटांचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. शर्यतीचे हलके बूट त्याआधीच बसतात. थोडक्यात, तुमचे पैसे वसूल झालेत. वर्ष पूर्ण करण्याचा हट्ट कशाला? बूट झिजतात ते किलोमीटरवर, महिन्यांवर नाही.

नक्षीवर जाऊ नका. धक्का झेलतो तो तळाचा रबर नव्हे, त्याच्यावरचा फोमचा थर. त्यातल्या हवेच्या बारीक पेशी दबत दबत परत फुगेनाशा होतात आणि हे वरून दिसत नाही. बूट टेबलावर ठेवा आणि टाचेकडून, डोळ्यांच्या पातळीवर बघा. एका बाजूला कलतोय? फोमच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडल्यात? अंगठ्याने दाबल्यावर दगडासारखा लागतोय? यातलं एखादं जरी दिसलं, तरी निर्णय झाला. नडगीचं दुखणं मात्र बुटांमुळेच असेल असं नाही, अंतर एकदम वाढवल्यानेही ती दुखते. नवे बूट घालूनही थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

आता काटकसरीचं बघू. हेच बूट आणखी २०० किलोमीटर ओढलेत तर वाचेल किती? एका जोडाच्या किमतीचा जेमतेम चौथा हिस्सा. समोर फिजिओथेरपिस्टची फी आणि बुडालेले आठवडे ठेवा. माझ्या मते हा सौदा तोट्याचा आहे. ‘एवढे महाग घेतले होते’ हे तर हिशेबात धरूच नका, ते पैसे गेले.

दोन जोडांच्या सवलतीला मात्र माझा नकार आहे. खोक्यात पडूनही फोम आणि गोंद जुने होतात, आणि आठ-नऊ महिन्यांनी लागणाऱ्या वस्तूत आज पैसे अडकवायचे कशाला? एकच जोड घ्या. हेच मॉडेल पायाला मानवलं असेल तर त्याची मागच्या वर्षीची आवृत्ती शोधा, नवी बाजारात आली की ती बरीच उतरते. हप्त्यांवर तर मुळीच घेऊ नका.

पुढच्या जोडासाठी आतापासून दरमहा किमतीचा आठवा हिस्सा बाजूला टाका. तुमच्या वेगाने आठ महिन्यांत ७०० किलोमीटर होतात, तोवर रक्कम तयार असेल. नव्या बुटांच्या जिभेच्या आत पेनने तारीख लिहा आणि ते घालून बाजारात जाऊ नका. त्या कामाला जुने आहेतच.